कुत्र्याचं पिल्लू घेणारे आणि पिल्लं देणारे (ब्रीडर): एकमेकांना कसं पारखावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी काय ठरवायचं: जात, ब्रीडर की पिल्लू?

याच क्रमाने. बहुतेक जण उलटे जातात. आधी एका पिल्लाचा फोटो आवडतो, मग ते कुणाचं आहे हे कळतं, आणि त्या जातीबद्दल वाचायला सुरुवात होते ती पिल्लू घरात येऊन सोफा कुरतडायला लागल्यावर.

जात ठरवताना ती मुळात कोणत्या कामासाठी तयार झाली हे बघा. बॉर्डर कॉली मेंढ्या वळवायला, म्हणून ती हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीमागे धावते, सायकलमागेही. बीगल वास काढत जाणारा आणि माग लागला की ओरडून सांगणारा. हस्की ओढणारा, आणि वर्षातून दोनदा घरभर केस पसरवणारा. हे स्वभाव शिकवून थोडे आवरता येतात, पुसता येत नाहीत. पिल्लांऐवजी त्या जातीचे दोन-तीन वर्षांचे कुत्रे प्रत्यक्ष पाहा. डॉग शो, प्रशिक्षणाचे वर्ग, जातीचे क्लब इथे ते भेटतात, आणि चांगल्या ब्रीडरची नावंही तिथेच कळतात.

जबाबदार ब्रीडर ओळखायची एकच खूण विचारली तर?

हा प्रश्न विचारा: ‘पुढे काही कारणाने मला कुत्रा सांभाळता आला नाही तर?’ जबाबदार ब्रीडरचं उत्तर तयार असतं. कुत्रा कितीही वयाचा असो, आधी माझ्याकडे परत आणायचा, दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. हे करारातही लिहिलेलं असतं.

या एका अटीतून बाकीचं बरंच आपोआप येतं. एका वेतातली आठही पिल्लं पुढची बारा वर्षं कधीही परत येऊ शकतात हे ज्याने स्वीकारलंय, तो वर्षाला दहा वेतं काढत नाही. तो आई-वडिलांच्या तपासण्या करतो आणि पिल्लू कुणाच्या घरी जातंय हे बघतो.

बाकीच्या खुणा अशा: एकच जात, फार तर दोन, वर्षाला एखादं-दुसरं वेत, मादी दोन वर्षांची होऊन तपासण्या पार पडल्याशिवाय पहिलं वेत नाही, प्रत्येक माजाला गाभण करणं नाही. ‘सध्या पिल्लं नाहीत, थांबावं लागेल’ हे वाक्य ऐकू आलं तर निराश होऊ नका. मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो आणि त्यानंतर पिल्लं निदान आठ आठवडे आईजवळ राहतात. सहा महिने ते वर्षभर थांबावं लागणं अगदी नेहमीचं आहे.

ब्रीडरला पहिला संदेश काय पाठवू?

‘किंमत काय?’ एवढाच नको. त्याला बहुतेक वेळा उत्तर येत नाही, आणि ते बरोबरच आहे. किंमत विचारण्यात लाज नाही, पण ती चौथ्या-पाचव्या वाक्यात यावी.

घरात कोण कोण आहे, मुलं किती वयाची, दिवसभर घरी कोण असतं, आधी कुत्रा होता का आणि त्याचं काय झालं, हीच जात का हवी, कधीपर्यंत थांबू शकता, हे सात-आठ ओळींत लिहा. पहिलाच कुत्रा असेल तर तसं सांगा. अनुभव नसणं हा दोष नाही. अनुभव असल्याचं भासवणं आहे, कारण पहिल्या पाच मिनिटांच्या बोलण्यात ते उघडं पडतं.

ब्रीडर इतके खासगी प्रश्न का विचारतात?

कारण पिल्लू बदलता येतं, घर नाही. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांच्यामागचं कारण:

‘कुत्रा रोज सलग किती तास एकटा राहील?’ आठ आठवड्यांच्या पिल्लाला दिवसा दर एक-दोन तासांनी शी-शूला न्यावं लागतं. सगळे सकाळी नऊला जाऊन संध्याकाळी सातला येणार असतील, तर मधल्या वेळी कोण येणार याचं उत्तर तुमच्याकडे हवं.

‘घर भाड्याचं आहे का?’ असेल तर घरमालकाची लेखी परवानगी मागितली जाते. कुत्रे परत येण्याचं हे एक ठरलेलं कारण आहे.

‘घरातल्या सगळ्यांना कुत्रा हवाय का?’ एकाला हवा, दुसऱ्याची नुसती हरकत नाही आणि तिसऱ्याला भीती वाटते, अशा घरात सगळं काम शेवटी नुसती हरकत नसणाऱ्याच्याच गळ्यात पडतं. म्हणून बरेच ब्रीडर पूर्ण कुटुंबाला एकदा भेटायला बोलावतात.

‘पिल्लं काढायची आहेत का?’ खरं उत्तर द्या. प्रदर्शनासाठी किंवा प्रजननासाठी दिलं जाणारं पिल्लू आणि सोबतीसाठी दिलं जाणारं पिल्लू यांच्या अटी वेगळ्या असतात.

मात्र जो ब्रीडर पन्नास प्रश्न विचारतो आणि तुमच्या एकाही प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही, तोही जबाबदार नव्हे. चौकशी दोन्ही बाजूंनी व्हायला हवी.

आई-वडिलांच्या कोणत्या तपासण्या बघायच्या?

‘आमच्या डॉक्टरांनी तपासलंय, एकदम ठणठणीत आहे’ ही तपासणी नव्हे. पशुवैद्याने छातीला स्टेथोस्कोप लावला म्हणून खुब्याचा सांधा किंवा डोळ्याचा पडदा कळत नाही. तपासणी म्हणजे त्या कुत्र्याचं नोंदणीकृत नाव किंवा मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) क्रमांक, तारीख आणि निकाल असलेला कागद. क्रमांक जुळवून पाहा.

खुब्याच्या सांध्याचा एक्स-रे वेगवेगळ्या पद्धतींनी जोखला जातो. अमेरिकेतल्या ओएफए या प्राण्यांच्या हाडा-सांध्यांच्या तपासण्या जोखणाऱ्या संस्थेची अंतिम श्रेणी २४ महिने पूर्ण झाल्यावरच मिळते, त्याआधीचा निकाल प्राथमिक धरतात. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या पद्धतीत ए ते ई अशा श्रेणी असतात आणि ए सर्वांत चांगली. ब्रिटिश पद्धतीत दोन्ही बाजू मिळून ० ते १०६ गुण. जितके कमी तितकं बरं. इथे नुसता आकडा बघू नका, त्या जातीच्या सरासरीशी ताडून बघा. कोपराला ० ते ३ अशी श्रेणी असते आणि ० हवी.

डोळ्यांची तपासणी नेत्रतज्ज्ञ पशुवैद्याकडून आणि शक्यतो दरवर्षी व्हावी, कारण काही आजार चार-पाच वर्षांनी दिसू लागतात. हृदयाचंही तसंच. डॉबरमनमध्ये हृदयाचा स्नायू कमजोर होण्याचा आजार इतका आढळतो की इकोसोबत (हृदयाची सोनोग्राफी) २४ तास हृदयाचे ठोके नोंदवणारा होल्टरही बघतात, आणि तीन वर्षांपूर्वीचा चांगला अहवाल आज फारसं काही सांगत नाही. जनुकीय चाचणी मात्र आयुष्यात एकदाच.

प्रत्येक जातीची यादी वेगळी. लॅब्राडॉरला खुबा, कोपर, डोळे आणि त्याशिवाय पीआरसीडी-पीआरए (हळूहळू दृष्टी घालवणारा आजार) व ईआयसी (जोरात धावल्यावर मागचे पाय गळून पडणं) या जनुकीय चाचण्या. कॅव्हेलियर किंग चार्ल्सला हृदयाची झडप आणि मेंदू-मणक्याचा एमआरआय. डाल्मेशियनमध्ये आई-वडिलांवर थांबून चालत नाही. प्रत्येक पिल्लाची बीएईआर नावाची ऐकण्याची चाचणी साधारण पाच-सहा आठवड्यांनंतर, दोन्ही कानांची वेगवेगळी. छोट्या जातींना गुडघ्याची वाटी सरकते का ते. पग, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना श्वासाची श्रेणी, कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवून आधी आणि नंतर ऐकलेली. घोरणं ‘गोड’ आहे असं सांगणाऱ्या ब्रीडरकडून या जाती घेऊ नका.

आणि हेही लक्षात ठेवा की चांगले खुबे असलेल्या जोडीलाही एखादं खराब खुब्याचं पिल्लू होतं, कारण त्यात अनेक जनुकं, वजन, आहार आणि व्यायाम सगळंच येतं. तपासणीने धोका कमी होतो, संपत नाही. ‘आमच्या वंशात कधीच काही निघालं नाही’ असं म्हणणाऱ्याने एकतर शोधलेलं नसतं किंवा सापडलेलं सांगायचं नसतं.

आई किंवा वडील एखाद्या आजाराचे ‘वाहक’ निघाले तर ते पिल्लू घेऊ नये का?

घ्यायला हरकत नाही, जोडीदार बिनदोष असेल तर. ज्या आजाराला सदोष जनुकाच्या दोन प्रती लागतात, त्यात वाहक आणि बिनदोष यांच्या पिल्लांपैकी सरासरी निम्मी वाहक होतात, आजारी एकही नाही. वाहक कुत्र्यात सदोष जनुकाची एकच प्रत असते, म्हणून तो स्वतः निरोगी असतो. दोन वाहकांची जोडी लावली तर मात्र प्रत्येक पिल्लाला आजाराची शक्यता २५ टक्के.

सगळेच वाहक प्रजननातून काढून टाकले तर जातीतली विविधता आकसते आणि दुसरंच काहीतरी डोकं वर काढतं. म्हणून वाहक असल्याचं स्वतःहून सांगणारा ब्रीडर हा चांगल्यापैकीच समजावा.

वंशावळीचे कागद आहेत, मग काळजी कशाची?

कागद सांगतो की आई-बाप कोण. ते निरोगी आहेत की नाही, हे नाही. तरीही वंशावळीचा एक मोठा उपयोग आहे: किती जवळच्या नात्यात संकर झालाय हे तिच्यातून काढता येतं. सख्ख्या भावंडांच्या किंवा बाप-लेकीच्या संकरात अंतःप्रजननाचा गुणांक (जितका कमी तितका बरा) २५ टक्के येतो, सावत्र भावंडांत १२.५ आणि चुलत-मावस भावंडांत ६.२५. हा आकडा किती पिढ्यांवरून काढला तेही विचारा. तीन पिढ्यांवरून तो कमी दिसतो, दहा पिढ्यांवरून जास्त.

भेटायला गेल्यावर काय बघू?

जाण्याआधी एक पथ्य पाळा: एका दिवशी एकाच ब्रीडरकडे जा, धुतलेले कपडे आणि स्वच्छ चपला घालून. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि बुटांच्या तळाला चिकटून दुसऱ्या घरी पोचतो. ‘आधी हात धुवा, बूट बाहेर काढा’ असं कुणी म्हटलं तर राग मानू नका. पहिले दोन-तीन आठवडे पाहुणे नकोत, असं सांगणारा ब्रीडरही शहाणाच आहे.

आई पिल्लांजवळ दिसायलाच हवी. व्यायल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी ती थोडी उतरलेली, केस गळलेली असते. त्यात काळजीचं काही नाही. ती ब्रीडरच्या हाकेला कसा प्रतिसाद देते ते बघा. अनोळखी माणसाकडे ती सावधपणे बघेल, पण कोपऱ्यात थरथरत असेल किंवा सतत दात दाखवत असेल तर थांबा. भित्रेपणा काही अंशी रक्तातून आणि काही अंशी आईकडे बघून उतरतो.

जागेत झोपायची बाजू आणि शी-शूची बाजू वेगळी हवी. पिल्लं तिसऱ्या आठवड्यापासूनच झोपेच्या जागेपासून दूर जाऊन करायला लागतात. ती सोय मिळालेलं पिल्लू तुमच्याकडे लवकर शिकतं, आणि घाणीतच झोपायची सवय लागलेल्याला शिकवायला महिने लागतात. पिल्लं माणसांच्या वावरात वाढतायत का? मिक्सर, दाराची घंटा, मुलांचा आवाज त्यांच्या कानावर पडतो का? किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर टाकून बघा: दचकणं ठीक आहे; दचकून परत हुंगायला येणं हवं.

पिल्लू हातात घेऊन: डोळे-नाक कोरडे, शेपटीखाली स्वच्छ, पोट भरलेलं पण ढोलासारखं ताणलेलं नाही (तसं असेल तर जंतांची शंका घ्या), नखं कापलेली. बेंबीपाशी मऊ फुगवटा म्हणजे हर्निया; छोटा असेल तर घाबरायचं कारण नाही, पण ब्रीडरने तो आधी सांगायला हवा. नर असेल तर आठ आठवड्यांपर्यंत दोन्ही वृषणं सहसा खाली उतरलेली असतात. हृदयातला हलका आवाज बऱ्याच पिल्लांत चार-पाच महिन्यांपर्यंत आपोआप जातो. मोठा असेल तर आधी हृदयतज्ज्ञाचं मत घ्या.

वडील दाखवले नाहीत. संशय घ्यावा का?

नाही. चांगला ब्रीडर स्वतःच्या मादीला जुळणारा नर शोधतो आणि तो बरेचदा दुसऱ्या गावी, कधी दुसऱ्या देशात असतो. त्याचे अहवाल आणि वंशावळ बघा. उलट दर वेळी घरातलाच नर वापरला जात असेल तर का, ते विचारा.

पिल्लू मी निवडायचं की ब्रीडरने?

बहुतेक चांगले ब्रीडर स्वतः जुळवतात किंवा दोन-तीन पिल्लांत निवड देतात. लोकांना हे खटकतं. पण तुम्ही पिल्लं तासभर बघता, ब्रीडर आठ आठवडे. ‘तेच माझ्याकडे धावत आलं’ हे प्रत्येकाला वाटतं. अनेकदा कारण एवढंच असतं की बाकीची नुकतीच जेवून पेंगत होती आणि त्याची झोप झाली होती. शिवाय सगळ्यांच्या आधी धावत येणारं पिल्लू बरेचदा वेतातलं सर्वांत धीट आणि हट्टी असतं. शांत घराला ते झेपेलच असं नाही.

तुम्ही रंग सांगण्याऐवजी दिनक्रम सांगा: रोज पाच किलोमीटर पळणारे आहात की संध्याकाळी अर्धा तास फिरणारे, घरात आजी-आजोबा आहेत की तीन वर्षांचं मूल. सातव्या आठवड्यात, ४९व्या दिवसाच्या आसपास, काही ब्रीडर स्वभावचाचणी घेतात. मोठेपणी कुत्रा कसा होईल याचं भाकीत म्हणून तिच्यावर फार विसंबू नये. पण भावंडांत डावं-उजवं कळायला तिचा उपयोग होतो. ‘काळी मादीच हवी’ असा आग्रह धरला तर सहा पिल्लांतून तुमच्या वाट्याला एखादंच उरतं आणि ते तुमच्या घराला जुळणारं असेलच असं नाही.

पिल्लू किती आठवड्यांचं असताना आणावं?

आठ आठवड्यांच्या आधी नाही. अगदी छोट्या जातींसाठी दहा ते बारा, कारण त्यांची रक्तातली साखर उपाशीपणी झपाट्याने खाली येते. चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू भावंडांकडून शिकतं: जोरात चावलं की भावंड केकाटतं आणि खेळ थांबतो. पाचव्या आठवड्यात उचललेल्या पिल्लाला हा धडा तुमच्या बोटांवर गिरवावा लागतो.

जगाची ओळख करून घेण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत. म्हणून तीन महिन्यांचं पिल्लू वाईट नाही, जर ब्रीडरने मधल्या काळात त्याला गाडी, रस्ता, अनोळखी माणसं दाखवली असतील तर. पिंजऱ्यात काढलेले तेच चार आठवडे भरून निघणं अवघड.

लशी आणि जंताचं औषध किती झालेलं असायला हवं?

आईच्या पहिल्या दुधातून आलेली प्रतिपिंडं पिल्लाचं रक्षण करतात, पण तीच लशीलाही निष्प्रभ करतात. ती कधी संपतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून डिस्टेंपर, पार्व्हो आणि हिपॅटायटिसच्या लशी सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी, निदान १६व्या आठवड्यापर्यंत देतात. सहा आठवड्यांच्या पिल्लाच्या ‘सगळ्या लशी पूर्ण’ असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. लसपुस्तिकेत कुपीचं लेबल, तारीख आणि पशुवैद्याची सही बघा.

गोलजंत तर गर्भातच आईकडून येतात. त्यामुळे औषध दुसऱ्या आठवड्यापासून, आठव्या आठवड्यापर्यंत दर दोन आठवड्यांनी, वजनाप्रमाणे. जंत निघाले म्हणजे ब्रीडर घाणेरडा असं नाही. औषधाची नोंदच नसेल तर मात्र आहे.

विसार कधी द्यावा?

पिल्लं जन्मण्याआधी मोठी रक्कम देऊ नका. सोनोग्राफीत साधारण चौथ्या आठवड्यात गर्भ दिसतो, पण नेमकी संख्या ५५व्या दिवसानंतरच्या एक्स-रेशिवाय खात्रीने कळत नाही. कधी मादी रिकामीही निघते. पावतीवर लिहून घ्या: वेत झालं नाही किंवा तुमच्यासाठी योग्य पिल्लू नसलं तर विसार परत की पुढच्या वेताला लागू? तुम्ही माघार घेतली तर? दोन ओळींचं काम आहे, पण बहुतेक भांडणं इथेच होतात.

करारात काय असावं?

पिल्लाचा मायक्रोचिप क्रमांक, आई-वडिलांची नावं, तुमच्या पशुवैद्याकडून ४८ ते ७२ तासांत तपासणी करून गंभीर दोष निघाल्यास परतीची मुभा, आनुवंशिक आजारांची हमी आणि तिची मुदत, प्रजननावरच्या अटी, आणि परत घेण्याचं कलम.

‘आजार निघाला तर पिल्लू परत करा, दुसरं देऊ’ एवढीच हमी असेल तर ती कागदावरच राहते. दीड वर्ष घरात वावरलेला कुत्रा कुणी बदलून घेत नाही, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं. कुत्रा परत न मागता काही रक्कम देणारं कलम मागा. नसबंदी सहा महिन्यांतच करा अशी अट मोठ्या जातीच्या पिल्लाला असेल तर बोलून घ्या. हाडं पूर्ण वाढण्याआधी केलेल्या नसबंदीने काही मोठ्या जातींत सांध्यांचे त्रास वाढतात.

दुर्मिळ रंग, ‘टीकप’ आकार यांना जास्त पैसे द्यावेत का?

नाही. मर्ल ठिपक्यांच्या दोन कुत्र्यांची जोडी लावली तर सरासरी चौथा हिस्सा पिल्लं दोन्हीकडून मर्ल जनुक घेऊन जन्मतात. ती बरेचदा पांढरी आणि बहिरी असतात किंवा त्यांचे डोळे नीट घडलेले नसतात. फिकट निळसर रंगाच्या काही कुत्र्यांचे केस मोठेपणी झडतात. ‘टीकप’ ही जात नाही. वेतातली सर्वांत किरकोळ पिल्लं निवडून, कधी मुद्दाम कमी खायला घालून ती विकली जातात.

एकाच वेतातली दोन पिल्लं घेऊ का, एकमेकांना सोबत होईल?

सोबत होते, एवढी की तुमची गरज उरत नाही. दोघांना वेगळं फिरवणं, वेगळं शिकवणं, वेगळं झोपवणं म्हणजे दुप्पट नव्हे, त्याहून जास्त काम. जबाबदार ब्रीडर सहसा नकार देतो. दुसरा हवाच असेल तर पहिला दीड-दोन वर्षांचा होऊ द्या.

ऑनलाइन फसवणूक कशी ओळखावी?

थेट व्हिडिओ कॉल मागा आणि त्यात मादीला नावाने हाक मारून पिल्लांजवळ बोलवायला सांगा. दुसऱ्याचे फोटो चोरणाऱ्याला हे जमत नाही. फोटो शोधयंत्रात टाकून आणखी कुठे दिसतो का ते पाहा. घर न दाखवता रस्त्यात मध्येच पिल्लू द्यायची तयारी, सहा-सात जाती कायम ‘उपलब्ध’, पैसे भरल्यावर पिंजऱ्याचा खर्च, मग विमा, मग आणखी एखादी फी, अशी मालिका सुरू झाली की तिथेच थांबा.

अवस्था बघून दया आली. सोडवून आणू का?

विकत घेतलेलं प्रत्येक पिल्लू म्हणजे पुढच्या वेताचे पैसे. पिंजऱ्यातली आई तिथेच राहते. तिथली अवस्था प्राणिकल्याणाचं काम बघणाऱ्या यंत्रणेला कळवा.

आम्ही ब्रीडर आहोत. नकार कधी द्यावा आणि कसा?

वाढदिवसाची अचानक भेट म्हणून पिल्लू हवं असणारे, ‘आजच न्यायचंय’ म्हणणारे, आधीचे दोन-तीन कुत्रे ‘कुणाला तरी दिले’ असं सहज सांगणारे, पिल्लं विकून पैसे वसूल होतील का असं विचारणारे. नकार लवकर द्या, मुलांनी पिल्लाला मांडीवर घेण्याआधी. कारण स्पष्ट सांगा आणि जमल्यास पर्याय सुचवा: कमी धावपळीची जात, किंवा मोठा, सवयी लागलेला कुत्रा.

पण नियमांचे गुलाम होऊ नका. ‘अंगण नाही तर पिल्लू नाही’ हा नियम सोपा आहे आणि बरेचदा चुकीचा. फ्लॅटमधला माणूस कुत्र्याला रोज तीनदा खाली नेतो. अंगणवाला दार उघडून देतो आणि आत जातो.

नेताना सोबत काय मिळायला हवं?

लसपुस्तिका, जंतऔषधाच्या तारखा, चिपची मालकी बदलण्याचा अर्ज, कराराची प्रत, आई-वडिलांच्या अहवालांच्या प्रती, आईचा वास असलेलं एखादं फडकं आणि निदान आठवडाभराचं चालू खाणं. खाणं बदलायचं असेल तर पहिले दोन-तीन दिवस तेच ठेवा. मग सात ते दहा दिवसांत पाव, अर्धं, पाऊण असं वाढवत न्या. नवं घर आणि नवं खाणं एकाच दिवशी आलं की बरेचदा जुलाब होतात.

नंतर अडचण आली तर ब्रीडरला कधी फोन करावा?

अडचण छोटी असताना. सहा ते अठरा महिन्यांच्या वयात शिकवलेलं सगळं विसरल्यासारखं वागणं, गुरगुरणं, दोरी ओढणं सुरू होतं, आणि बरेच लोक संकोचाने पाच-सहा महिने गप्प बसतात. पिल्लाची भावंडं, आई आणि आजी या वयात कशी वागली हे ब्रीडरला ठाऊक असतं. आजाराचं निदान झालं तर तेही कळवा, अहवालासकट. तीच जोडी पुन्हा लावायची की नाही हे त्यावर ठरतं. आणि खरंच ठेवणं शक्य नसेल तर जाहिरात टाकण्याआधी करार काढा. तो फोन ब्रीडरला नकोसा वाटला तरी कुत्रा परत घेण्याचं त्याने स्वतः लिहून दिलेलं आहे.